कोळसा, अनुशेष आणि समृद्धी : चंद्रपूर जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या भट्ट्या ज्या विजेवर चालतात ती राज्याच्या सामाईक वीजजाळ्यातून येते. या जाळ्यातील विजेचा मोठा भाग औष्णिक असून औष्णिक विजेचा मोठा भाग विदर्भातील कोळशावर उभा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील समृद्धीची चर्चा होते तेव्हा सहकार, ऊस, दूध, सिंचन आणि उद्यमशीलता यांचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. मात्र या समृद्धीच्या मागे चंद्रपूर, घुग्घूस, माजरी, सास्ती, दुर्गापूर अशी काही दूरची गावेही आहेत, याची नोंद सहसा घेतली जात नाही.

दुसऱ्या बाजूला विदर्भाची चर्चा 'अनुशेष' या एका शब्दाभोवती फिरत राहिली आहे. विदर्भाला किती मिळाले नाही, हा त्या चर्चेचा गाभा. विदर्भाने किती दिले, हा प्रश्न सभांतून विचारला जातो. परंतु शासकीय हिशेबाच्या रकान्यात तो उतरत नाही. कोळशाच्या संदर्भात हा रिकामा रकानाच प्रादेशिक समृद्धीच्या प्रचलित मोजमापातील मूलभूत दोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जमिनीतून काढलेला कोळसा 'उत्पन्न' म्हणून नोंदला जातो. वास्तविक ती जिल्ह्याच्या मूळ धनाची विक्री असते. या एका चुकीच्या नोंदीमुळे खाणपट्टा कागदावर समृद्ध आणि प्रत्यक्षात रिता होत जातो.

खाणपट्ट्याची जडणघडण

वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळशाचा इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. १८७० च्या दशकात वरोरा येथे सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्यासाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेमार्ग टाकण्यात आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती खाण बंद पडली. त्याच सुमारास बल्लारपूरचा कोळसा पुढे आला आणि खाणकामाचे केंद्र दक्षिणेकडे सरकले. संपूर्ण खाणपट्ट्याच्या इतिहासाचे सूत्र या छोट्या घटनाक्रमात सापडते. खाण येते, तिच्यामागे रेल्वे व वस्ती येते, खाण संपते आणि भांडवल पुढच्या गावाकडे निघून जाते. मागे राहिलेल्या गावाला मात्र पुढे सरकण्याची सोय नसते.

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिच्या अंतर्गत नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. १९८० च्या दशकात चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर येथे महाऔष्णिक विद्युत केंद्राचे संच सुरू होऊ लागले. जुने दोन संच मोडीत निघाल्यानंतरही आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट असून ते राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे सर्वांत मोठे केंद्र आहे.

या केंद्राशी निगडित एक तांत्रिक तपशील प्रादेशिक अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वीजवाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट, म्हणजे केंद्राच्या आजच्या क्षमतेच्या निम्म्याहून थोडी अधिक आहे. अशी वाहिनी वाटेतल्या गावांना वीज देत नाही. एका टोकाला वीज घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला उतरवायची, एवढेच तिचे काम. राख, धूळ व उष्णता उगमाशी राहते आणि वीज मुंबईच्या दाराशी पोहोचते. ही रचना कोणाच्या दुष्ट हेतूतून आलेली नाही. राखेचे प्रमाण जास्त असलेला भारतीय कोळसा दूर वाहून नेण्यापेक्षा वीज वाहून नेणे किफायतशीर ठरते, हे तिचे सरळ कारण होय. पण किफायत कोणाची आणि किंमत कोणाची, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

अनुशेषाचा एकेरी हिशेब

प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी शासनाने १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये तिने अहवाल दिला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे मोजून समितीने ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५४ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३९ कोटी होता. महाराष्ट्रातील प्रादेशिक विकासाच्या चर्चेला या अहवालाने शिस्त दिली. भावनेच्या जागी आकडे आणले, ही त्याची मोठी कामगिरी निर्विवाद आहे.

तथापि, या पद्धतीची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. जिल्ह्यापर्यंत काय पोहोचले आणि सरासरीच्या तुलनेत किती कमी पोहोचले, एवढेच ती मोजते. जिल्ह्यातून काय बाहेर गेले, हा प्रश्न तिच्या चौकटीत बसत नाही. त्यामुळे रस्त्याचा एक किलोमीटर कमी असेल तर तो अनुशेष ठरतो. परंतु शेकडो एकर काळी कसदार जमीन खाणीत गेली, विहिरींची पातळी खाली उतरली, लाखो टन कोळसा कायमचा संपला, तर त्याची नोंद कोठेही होत नाही. किंबहुना कोळशाच्या वाहतुकीसाठी रस्ता झाला तर कागदावर अनुशेष कमी झाल्याचेच दिसते.

या एकेरी हिशेबाचा राजकीय परिणामही झाला आहे. अनुशेषाची मागणी करणारा प्रदेश याचकाच्या आणि ती ऐकणारा प्रदेश दात्याच्या भूमिकेत जातो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत २०२० मध्ये संपली. त्यांच्या काळातील वादही बहुतांशी निधीवाटपाच्या टक्केवारीभोवतीच राहिले. देणेघेणे दोन्ही बाजूंनी मांडले असते, तर चर्चेचा सूर वेगळा राहिला असता.

जमिनीखालचे मूळ धन

शेतकऱ्याने वर्षभर पिकवलेला माल विकला तर ते उत्पन्न होय. शेतच विकले तर ती भांडवलाची विक्री होय. हा भेद गावातील निरक्षर माणसालाही कळतो. जिल्हा उत्पन्नाच्या गणनेत मात्र खाणकामाबाबत हा भेद पुसला जातो. कोळशाच्या विक्रीतून आलेले मूल्य उत्पादनात मिळवले जाते. 'निव्वळ' उत्पन्न काढताना यंत्रसामग्रीचा घसारा वजा होतो, पण संपलेल्या कोळशाचा घसारा वजा होत नाही. परिणामी ज्या वर्षी खाण अधिक वेगाने रिती होते, त्या वर्षी जिल्हा अधिक संपन्न झाल्याचे दिसते.

अर्थतज्ज्ञ सलाह एल सेराफी यांनी १९८० च्या दशकात या प्रश्नावर सोपी रीत सुचवली. खाणीच्या निव्वळ प्राप्तीचे दोन भाग करावेत. एक भाग खरे उत्पन्न मानून खर्च करावा. दुसरा भाग अशा रीतीने गुंतवावा की खाण संपल्यावरही तेवढेच उत्पन्न चालू राहील. या सूत्रानुसार व्याजदर ५ टक्के धरल्यास, २० वर्षे पुरेल एवढा साठा शिल्लक असताना निव्वळ प्राप्तीच्या सुमारे ३६ टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. साठा १० वर्षांचाच उरला असेल तर हे प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांवर जाते. अर्थात खाण जसजशी संपत येते तसतशी बचतीची निकड वाढते. आपल्याकडे याच टप्प्यावर जुन्या खाणीकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते.

हा विचार आता केवळ काही अभ्यासकांपुरता उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२५ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय लेखापद्धतीत नैसर्गिक साधनांचा ऱ्हास हा उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ उत्पन्नातून वजा करण्याची तरतूद आहे. कायद्याच्या क्षेत्रातही असेच वळण दिसते. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्वामित्वधन हा कर नसल्याचा निर्णय दिला. खनिज काढण्याच्या हक्काबद्दल पट्टेदाराने मालकाला दिलेला तो मोबदला होय, असे या निर्णयाचे सार आहे. हे मान्य केल्यास स्वामित्वधन चालू खर्चाला वापरणे म्हणजे शेत विकून आलेल्या पैशांत घरखर्च भागवणे ठरते.

शंभर रुपयांचा हिशेब

२०१२ पासून कोळशावरील स्वामित्वधन मूल्याच्या १४ टक्के आहे. म्हणजे १०० रुपयांच्या कोळशामागे १४ रुपये राज्य शासनाला मिळतात आणि ते राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने अस्तित्वात आली. जुन्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के एवढी अतिरिक्त रक्कम प्रतिष्ठानाला द्यावी लागते. १४ रुपयांचे ३० टक्के म्हणजे ४ रुपये २० पैसे. कोळसा जेथून निघतो त्या जिल्ह्याचा शंभरातील थेट, कायदेशीर वाटा एवढाच आहे. लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी हा दर स्वामित्वधनाच्या १० टक्के, म्हणजे १ रुपया ४० पैसे इतकाच आहे.

एल सेराफी यांचे प्रमाण निव्वळ प्राप्तीवर आणि प्रतिष्ठानाचा वाटा विक्रीमूल्यावर आधारलेला असल्याने दोन्हींची थेट तुलना करता येणार नाही. परंतु मुख्य फरक प्रमाणाचा नसून स्वरूपाचा आहे. प्रतिष्ठानाचा निधी प्रामुख्याने चालू कामांसाठी आहे. पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आदी प्राधान्यक्षेत्रांवर किमान ६० टक्के खर्च करण्याचे बंधन २०१५ च्या योजनेत होते. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते ७० टक्के केले. हा हेतू स्तुत्य आहे. पण दवाखाना व नळयोजना ही राज्याने एरवीही करावयाची कामे होत. ती खनिजाच्या पैशातून झाली की राज्याच्या तिजोरीवरचा भार हलका होतो आणि खाण संपल्यानंतरची तरतूद शून्यच राहते.

पर्यावरणाच्या नावाने गोळा झालेल्या पैशाची कहाणीही याहून वेगळी नाही. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागू झाला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर त्याची जागा तेवढ्याच रकमेच्या भरपाई उपकराने घेतली आणि ती रक्कम राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळली. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. पंधरा वर्षांच्या या प्रवासात कोळशाच्या प्रत्येक टनावर 'पर्यावरणाचा' म्हणून सुरू झालेला पैसा देशाच्या सर्वसाधारण वित्तव्यवहारात विरघळला.

ताळेबंदाबाहेरचा खर्च

कोळशाचे उत्पादन आज बहुतांशी खुल्या खाणींतून होते. कोळशाच्या थरावरील माती व खडक काढून बाजूला रचल्याशिवाय खुली खाण चालत नाही. त्यामुळे सुपीक माती खाली दबते आणि खालचा निर्जीव खडक वर येतो. नदीकाठी रचलेले हे ढिगारे पावसात वाहून पात्रात उतरतात. खाणीत साचणारे पाणी सतत उपसावे लागते आणि त्यामुळे सभोवतालच्या विहिरींची पातळी घटते. सुरुंगांनी घरांना तडे जातात. कोळशाच्या ट्रकांची धूळ रस्त्यालगतच्या कपाशीवर बसते. यातील कोणताही खर्च कंपनीच्या ताळेबंदात कोळशाचा उत्पादनखर्च म्हणून येत नाही. तो शेतकऱ्याच्या, गृहिणीच्या आणि रुग्णाच्या खात्यावर पडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये तयार केलेल्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याचा चौथा क्रमांक लागला. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या परवानग्यांना स्थगिती देण्यात आली. २०१८ च्या मूल्यांकनातही चंद्रपूर ७० गुणांच्या वर, म्हणजे अतिप्रदूषित श्रेणीतच राहिले. एकच जिल्हा एका शासकीय अहवालात खनिजसंपन्न, दुसऱ्यात अनुशेषग्रस्त आणि तिसऱ्यात अतिप्रदूषित ठरतो. हे तिन्ही अहवाल एका टेबलावर मांडून त्यांची बेरीज-वजाबाकी करण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही एका खात्याची नाही.

पाण्याचा प्रश्न याहून बोलका आहे. इरई धरणाचे पाणी वीजकेंद्राला आणि चंद्रपूर शहराला मिळून वापरावे लागते. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातील साठा घटल्याने वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. म्हणजे पर्यावरणीय ऱ्हास हा अर्थव्यवस्थेबाहेरचा विषय नसून तो उत्पादनालाच येऊन भिडतो.

खाण बंद झाल्यावरही खर्च थांबत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गाडले गेले. हा परिसर जुन्या भूमिगत खाणीवर वसलेला होता. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, परंतु आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या भूमीखालचा कोळसा कधीच विकला गेला होता आणि त्याचे उत्पन्न त्या त्या वर्षीच्या आकडेवारीत जमा होऊन खर्चीही पडले होते. उरलेली देणी मात्र अनेक वर्षांनी अशा लोकांकडून वसूल झाली, ज्यांचा त्या विक्रीशी संबंधही नव्हता.

प्रतिवादाचा विचार

कोळशाने काहीच दिले नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. राष्ट्रीयीकरणानंतर खाणकामगाराला नियमित वेतन, वसाहत, दवाखाना आणि निवृत्तिवेतन मिळाले. कोरडवाहू शेतीच्या अनिश्चिततेने गांजलेले अनेक शेतकरी भूसंपादनाला विरोध करीत नाहीत. योग्य मोबदला व नोकरी मिळावी, हीच त्यांची मागणी असते. २०१२ च्या कोल इंडियाच्या धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी देण्याची तरतूद आहे. राज्याच्या औद्योगिकीकरणाला या कोळशाने आधार दिला, हेही खरे. खाणपट्ट्यातील माणसाला खाण नको आहे, असे शहरी पर्यावरणवाद्याने परस्पर ठरवून टाकणे हा दुसऱ्या प्रकारचा अन्यायच होय.

परंतु या लाभांचा पाया आक्रसत चालला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी कोल इंडियात सहा लाखांहून अधिक कामगार होते. २०२४ मध्ये ही संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आली. त्याच काळात उत्पादन सुमारे चौपट झाले. खुल्या खाणी, अवजड यंत्रे आणि कंत्राटी पद्धत यांमुळे दर टनामागे रोजगार घटला आणि दर टनामागे उखडलेली जमीन वाढली. म्हणजे जुन्या पिढीने ज्या अटींवर खाण स्वीकारली, त्या अटी नव्या पिढीला उपलब्ध नाहीत.

लोकमताच्या दबावाने काही वेळा हिशेब बदलतो, हेही नोंदवले पाहिजे. ताडोबालगतच्या लोहारा कोळसापट्ट्याला चंद्रपूरकरांनी २००९ मध्ये केलेला विरोध यशस्वी ठरला. २०२० मध्ये व्यापारी लिलावाच्या यादीतून बंदर हा पट्टाही वगळण्यात आला. वाघांच्या निमित्ताने का होईना, जमिनीवरच्या जंगलाचे मूल्य जमिनीखालच्या कोळशापेक्षा अधिक असू शकते, हे शासनाला मान्य करावे लागले. प्रश्न एवढाच उरतो की, जेथे वाघ नाही, केवळ माणसे व शेती आहे, तेथे हे मूल्य कोणी मोजावे?

कोल्हापूरच्या संदर्भात

हा प्रश्न कोल्हापूरला परका नाही. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडी परिसरातील सड्यांवरून बॉक्साइट निघत आले आणि ते बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याकडे गेले. प्रमाण चंद्रपूरच्या तुलनेत लहान असले तरी सूत्र तेच आहे : सडा एका ठिकाणी, कारखाना दुसऱ्या ठिकाणी. पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघाली. तिचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात खाणकामावर बंदीची तरतूद आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातील गावांचाही समावेश आहे. या मसुद्याला येथील गावे विरोध करतात तेव्हा 'आमच्या विकासाचे काय' हा त्यांचा प्रश्न चंद्रपूरच्या अनुभवाच्या उजेडात तपासून पाहण्यासारखा आहे.

कोल्हापूरच्या समृद्धीचा पाया मुळात निराळा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, ते स्वातंत्र्योत्तर काळात पूर्ण झाले. त्या पाण्यावर भोगावती-पंचगंगेचे खोरे उभे राहिले. धरणांनीही गावे उठवली. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न अनेक दशके रेंगाळले. तरीही एक मूलभूत फरक आहे. धरणातील पाणी दर पावसाळ्यात परत येते. खाणीतील कोळसा परत येत नाही. म्हणून पाण्यावर उभ्या राहिलेल्या प्रदेशाचे गणित कोळशावर उभ्या राहिलेल्या प्रदेशाला लावता येत नाही. 'आम्ही कष्टाने मिळवले, त्यांनीही मिळवावे' हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खाणजिल्ह्यांचे उत्पन्न मोजताना संपलेल्या खनिजाचा घसारा वजा करून दाखवणे आवश्यक आहे. तसे झाले तर चंद्रपूरच्या समृद्धीचे खरे चित्र समोर येईल. दुसरी, स्वामित्वधन हा विक्रीचा मोबदला असल्याने त्याचा निश्चित भाग कायमस्वरूपी निधीत ठेवला पाहिजे आणि त्याचे केवळ व्याज खर्च केले पाहिजे. ही कल्पना अव्यवहार्य नाही. २१ एप्रिल २०१४ रोजी गोव्यातील लोहखनिजासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीमूल्याच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत जमा करण्याचा आदेश दिला होता. शेजारच्या गोव्यात जे लोहखनिजासाठी मान्य झाले, ते चंद्रपूरच्या कोळशासाठी मान्य न होण्याचे कोणतेही तात्त्विक कारण दिसत नाही. तिसरी, प्रादेशिक असमतोलाचे यापुढील कोणतेही मोजमाप दोन रकान्यांचे असावे. प्रदेशाला काय मिळाले हा एक रकाना आणि प्रदेशाने काय दिले हा दुसरा.

दुसरा रकाना भरला जाईल तेव्हा विदर्भाची मागणी ही मागणी राहणार नाही. ती थकलेल्या देण्याची आठवण ठरेल. त्या देण्यातील काही वाटा वीज वापरणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याकडे, पर्यायाने कोल्हापूरकडेही येतो. वरोऱ्याची खाण संपली तेव्हा बल्लारपूर होते, बल्लारपूरनंतर दुर्गापूर आणि सास्ती होते. साठे संपतील किंवा जग कोळशापासून दूर जाईल तेव्हा पुढचे गाव उरणार नाही. त्यापूर्वी हा हिशेब मांडला गेला नाही, तर पुढे तो मांडण्यासाठी खाणपट्ट्याजवळ केवळ खड्डे आणि ढिगारे उरतील.